दुसऱ्या घाण्याच्या वड्या

३ फेब्रुवारी

ती. आत्या,

तुला वाकून नमस्कार.

हे पत्र बाबांना माहीत नाही. उत्तर घरी पाठवू नकोस, पाकिटामागे लिहिलेल्या पत्त्यावर पाठव. ते पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्याचे दुकान आहे. साबणाची खोकी तिथूनच आणतो, त्यामुळे माझे तिथले जाणे-येणे कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. फोन केला असता, पण फोन बाबांच्या खुर्चीशेजारी असतो आणि तुला ऐकू जावे म्हणून मला ओरडावे लागते. ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

सगळे क्रमाने सांगतो. बाजाराच्या टोकाला जे प्रसूतिगृह आहे, तिथल्या मेट्रनबाईंनी आपल्या शेळीच्या दुधाच्या साबणाच्या एकशेवीस वड्या मागितल्या आहेत. १ मार्चला पोचवायच्या. बाळांच्या आंघोळीला तोच साबण वापरायचा आणि घरी जाताना प्रत्येक बाळंतिणीला एकेक वडी द्यायची, असे त्यांच्या मनात आहे. इतक्या मोठ्या जागी आपला साबण पहिल्यांदाच जाणार. बाबा तेव्हापासून रोज दाढी करतात.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोन घाणे काढले, प्रत्येकी साठ वड्यांचे. दूध आधी गोठवून त्याचा बर्फ केला, त्यावर कॉस्टिक सोडा चिमटीचिमटीने टाकला, दूध जरासुद्धा पिवळे पडू दिले नाही. मग ते तेलात घालून, पळीने ओढलेली रेघ वर तशीच राहीपर्यंत ढवळले. दुसऱ्या दिवशी तारेने वड्या पाडल्या. तिसऱ्या आठवड्यात बाबांनी नेहमीप्रमाणे वडीला जीभ लावली. तुला ठाऊकच आहे, सोडा मोकळा राहिला असेल तर जिभेला चटका बसतो. बाबा म्हणाले, "निवला." त्यांनी निवला म्हटले की साबण उंबऱ्याबाहेर जातो, त्याआधी नाही.

आता मुद्दा. दुसऱ्या घाण्याच्या वड्यांच्या कडा तासल्या, त्याचा चुरा शेजारच्या शिवणवाल्या काकू भांडी घासायला घेऊन गेल्या. दोन दिवसांनी दारात आल्या आणि हात पुढे केले. बोटे लालबुंद, टोके फुटलेली. सुई धरवत नाही म्हणाल्या. "साबण केलास की चुना रे?" असे म्हणून स्वतःच हसल्या. मीही हसलो आणि थंडीमुळे असेल म्हणालो. त्या गेल्यावर मी वजनकाटा चार वेगवेगळ्या वजनांनी तपासला. काटा बरोबर आहे.

बाबांना मी हे सांगितलेले नाही. सांगितले तर त्यांची जीभ चुकली असा अर्थ होतो.

तू वीस वर्षे साबण केला आहेस. मला एवढेच सांग, एकदा निवलेला साबण पुन्हा भडकू शकतो का?

तुझा भाचा


८ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,

आशीर्वाद. नाही भडकत. साबण म्हणजे काही तुझा बाप नव्हे, निवला म्हणता म्हणता पुन्हा उसळायला. एकदा निवला की निवला. काकूंचे हात फुटले याचा अर्थ तो मुळात निवलेलाच नव्हता.

आता मला नीट उत्तरं दे, गोलगोल नको. सोड्याचा डबा नवा की जुना? दूध किती, तेल किती, सोडा किती? तेल कोणतं आणि कोणाच्या हातून आलं? घाणा चालू असताना कोणी हाक मारली, तू उठून गेलास, परत येऊन पुन्हा सोडा घातलास, असं काही झालं का? मी एकदा केलंय ते. तुझ्या आजीनं पळी फेकून मारली होती, नेम चुकला म्हणून आज लिहितेय.

आणि सर्वांत महत्त्वाचं. तू स्वतः जीभ लावलीस का? लावली नसशील. आपल्या घरात जीभ एकाचीच चालते, आधी आजीची, मग तुझ्या बापाची. मी थोरली असून मला कधी लावू दिली नाही, म्हणे तुझं तोंड आधीच तिखट आहे.

काकूंच्या हाताला नुसतं तेल लाव म्हणावं. व्हिनेगर वगैरे काही चोळू नका.

आत्या


१४ फेब्रुवारी

ती. आत्या,

तुझे पत्र खोकेवाल्याने काल दिले. देताना डोळा मारला. त्याला वाटते मुलीचे आहे. मी वाटू दिले.

तुझ्या प्रश्नांची उत्तरे. सोड्याचा डबा नवा, माझ्यासमोर फोडलेला. तेल एका किलोला सोडा एकशेपंचावन्न ग्रॅम, आजीच्या मापाप्रमाणे. कोणी हाक मारली नाही, मी उठलो नाही. यंदा काहीही बदललेले नाही. दूध आपल्याच नऊ शेळ्यांचे, गाळून, गोठवून. साचे तेच, तार तीच. काहीही बदललेले नाही.

जीभ मी लावलेली नाही. बाबांनी निवला म्हटल्यावर मी जीभ लावायची म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटे म्हणण्यासारखे आहे. वड्या त्यांच्या खोलीतल्या मांडणीवर वाळत असतात आणि ते दिवसभर तिथेच बसून खोक्यांना चिठ्ठ्या चिकटवतात. मला तिथे एकटे राहायला मिळत नाही.

काकूंना तेल दिले. त्यांनी दोन झंपर परत पाठवले, काजे करता येईनात म्हणून. मला त्यांच्या दारावरून जाववत नाही, मी मागच्या गल्लीने जातो.

बाबांची मर्जी सध्या ठीक नाही. स्वयंपाक मी करतो हे तुला माहीत आहे. हल्ली प्रत्येक घासाला म्हणतात, "हे काय, गवत शिजवलंस?" आणि वरून मीठ घेतात. महिनाभर पुरणारे मीठ आठ दिवसांत संपले. परवा चुलीवरून उतरवलेले उकळते दूध त्यांनी तसेच तोंडाला लावले आणि एका दमात प्यायले. मी ओरडलो तर माझ्याकडेच रागाने बघितले. त्यांना माझ्यावर काहीतरी संशय आला आहे आणि ते बोलून दाखवत नाहीत, असे मला वाटते. काल विचारत होते, "घाणा ठीक झालाय ना रे?" मी हो म्हणालो. त्यांनी याआधी असे कधीही विचारले नव्हते.

१ मार्चला पंधरा दिवस उरले आहेत.

तुझा भाचा


१९ फेब्रुवारी

बाळा,

आज मोजपट्टी म्हणत नाही, कारण गंमत करायची वेळ नाही.

उकळतं दूध कोणी एका दमात पीत नाही. रागात नाही, लाडात नाही, पैजेवर नाही. तू त्याचा राग बघत बसलास, तोंड बघायला हवं होतंस. उद्या सकाळी त्याच्या समोर बस आणि बघ. चूळ भरताना डावीकडून पाणी गळतं का? दाढी डाव्या गालावर कापलेली असते का? हसताना ओठ दोन्हीकडे सारखे उचलले जातात का? बघ आणि मला लिही. त्याला विचारू नकोस. विचारलंस तर तुला हाकलेल आणि मलाही.

दुसरं. तो शेळ्यांकडे जातो तेव्हा तरी खोली मोकळी असते ना? तेवढ्यात आत जा. दुसऱ्या घाण्याची वडी घे, जिभेचं टोक लाव, अर्धा क्षण. लगेच थुंक आणि तोंड धू. त्याला खोटं म्हणणं होईल की खरं म्हणणं होईल ते नंतर ठरवू.

तिसरं. तुझ्या पत्रात कधी खाडाखोड नसते, एक वाक्य दोनदा येत नाही. तू आधी कच्चं लिहितोस आणि मग पक्कं करतोस, हे मला तू दहा वर्षांचा होतास तेव्हापासून माहीत आहे. या वेळी "काहीही बदललेले नाही" हे तू दोनदा लिहिलंस. काय बदललंस?

आत्या


२५ फेब्रुवारी

ती. आत्या,

हे पत्र मी आधी कच्चे लिहिलेले नाही.

परवा सकाळी बाबा दूध काढायला गेले तेव्हा मी जीभ लावली. जणू कोणी जिभेत तापलेली सुई टोचली. तीन वेळा चूळ भरली तरी दुपारपर्यंत टोक हुळहुळत होते. मग पहिल्या घाण्याच्या वडीला लावली. काही नाही, नुसती साबणाची चव. एकेकच वडी बघून थांबलो नाही, दोन्हीकडच्या सहा-सहा बघितल्या. दुसरा घाणा पूर्ण गेलेला आहे.

काय बदलले ते सांगतो. पहिल्या घाण्यातच खोबरेल संपले. तेलवाला म्हणाला, पुढचा माल आठवड्याने. वाळायला सात आठवडे हवेत, बाबांनी तारीख दिलेली, मी वाट बघितली नाही. घरात सूर्यफुलाच्या तेलाचे डबे होते. मी विचार केला, किलोच्या जागी किलो तेल, सोडाही तेवढाच. आठवीत शाळा सुटली, पण बेरीज-वजाबाकी मला येते, आणि ही बेरीज मला बरोबर दिसली. बाबांना सांगितले नाही. ते म्हणाले असते, आजीच्या साबणाला हात लावू नकोस. मनात धाकधूक होती. पण वाटले, चुकले असेल तर बाबांच्या जिभेला कळेलच. ते निवला म्हणाले तेव्हा मला इतके हायसे वाटले की बाहेर जाऊन शेळीच्या गळ्यात पडलो.

बाबांचे तोंड मी बघितले. चूळ भरताना पाणी डावीकडून शर्टावर येते. डाव्या गालावर दोन जागी कापलेले आहे. हसताना बघायला मिळाले नाही.

आता जे लिहायचे ते लिहवत नाही. ज्या दिवशी मी जीभ लावली, त्याच दिवशी दुपारी मेट्रनबाई स्वतः आल्या. मी खोकी आणायला गेलो होतो. त्यांनी नमुन्याला दहा वड्या मागितल्या. बाबांनी दाराजवळच्या फळीवरच्या काढून दिल्या. दाराजवळची फळी दुसऱ्या घाण्याची आहे. मी आलो तेव्हा बाबा खूष होते. म्हणाले, "बाईंनी विचारलं, तान्ह्या अंगाला चालेल ना? म्हटलं, मी स्वतः चाखलाय."

मला तेव्हाच बोलायला हवे होते. तोंड उघडले होते. बाबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "आता कोणी म्हणायचं नाही की म्हाताऱ्याचे दिवस संपले." मी पाणी आणायला आत गेलो.

उद्या जातो आणि काहीतरी सांगून वड्या परत आणतो. काय सांगू ते सुचत नाही.

तुझा भाचा


२८ फेब्रुवारी
(जलद टपालाने)

हे पत्र इथेच थांबव. पुढचं वाचू नकोस. प्रसूतिगृहात जाऊन आला नसशील तर आत्ता, खोकेवाल्याच्या दुकानातूनच, जसा असशील तसा जा. दहा वड्या मोजून परत घे. काहीतरी सांगून नाही. खरं सांगून. मग येऊन पुढे वाच.

आलास? बस. पाणी पी.

खोबरेल खादाड असतं. किलोभर खोबरेल जेवढा सोडा खातं तेवढा सूर्यफुलाला पचत नाही. तुझ्या मापात किलोमागे वीस ग्रॅमच्या वर सोडा उपाशी फिरतोय. तो आता कातडीच शोधणार. तेल बदललं की सोडा बदलतो, हे तुला कोणी सांगितलं नाही, कारण आपल्या घरात कोणी तेल कधी बदललंच नाही. ती चूक तुझी एकट्याची नाही. बाकीची तुझी आहे.

आता माझी ऐक. थंडी सुरू व्हायच्या आधी तुझ्या बापाचं मला पत्र आलं होतं. "अक्का, सकाळी उठलो तर तोंडाची डावी बाजू झोपलेली. हात-पाय ठीक आहेत, पण जीभ काही उठली नाही. पोराला सांगू नकोस, भित्रा आहे, दिवसभर माझी नाडी धरून बसेल." मी त्याला डॉक्टरकडे जा म्हणून लिहिलं, तो जातो म्हणाला, मी गप्प बसले. तू पहिलं पत्र लिहिलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. मला वाटलं, तू स्वतः जीभ लावशील, साबण अडेल आणि भावाचा शब्दही मोडणार नाही. त्याची झाकली मूठ सांभाळायला मी तुला वापरलं. त्यात वीस दिवस गेले.

आता शब्दबिब्द काही नाही. त्याला सांग, अक्कानं सगळं सांगितलं. आणि डॉक्टरकडे ने. ओढून नेता आलं नाही तर शेळी नेतात तसा पाला दाखवून ने, पण ने.

आत्या


५ मार्च

ती. आत्या,

तुझे पत्र २ तारखेला मिळाले. पहिला परिच्छेद वाचला आणि निघालो. खोकेवाला मागून ओरडत होता, "अरे, नाही म्हणाली का?"

पण मी त्याआधी एकदा गेलो होतो, ते आधी सांगतो. २६ तारखेला. मेट्रनबाई प्रसूतीच्या खोलीत होत्या. मी फाटकावरच्या वॉचमनला निरोप दिला की साबण अजून ओला आहे, पंधरा दिवस वापरू नका. ओला नव्हता, तुला माहीत आहे. पण तसे सांगितले की वड्या वापरल्याही जाणार नाहीत आणि बाबांचे नावही जाणार नाही, असा मी विचार केला. घरी येऊन पोटभर जेवलो. त्या रात्री मला छान झोप लागली. १ तारखेचा माल मी खोकी कमी पडल्याचे सांगून अडवून ठेवला.

वॉचमन निरोप द्यायला विसरला. तो तरी का लक्षात ठेवेल? ओल्या साबणाने कोण मरते?

२ तारखेला मी पोचलो तेव्हा मेट्रनबाई कपाटासमोर चादरी मोजत होत्या. मी एका दमात सांगितले. त्या मोजत राहिल्या, आकडा पुरा केला, वहीत लिहिला आणि मग माझ्याकडे वळल्या. "ओला आहे, की जाळतो आहे?" मी म्हणालो, "जाळतो." त्यांनी किल्ली काढली. कपाटात आठ वड्या होत्या. एक आयाबाईंनी हात धुवायला घेतली होती, त्यांच्या बोटांच्या बेचक्यांतली साल निघालेली. दहावी वडी बाळांना आंघोळ घालायच्या खोलीत होती. साबणदाणीत, ओली.

आदल्या दिवशी सकाळी चार दिवसांच्या एका मुलाला त्याने आंघोळ घातली होती. पाठ लाल झाली म्हणून नर्सने लगेच भरपूर पाण्याने धुतली. सगळ्यांना वाटले, घामोळे. मेट्रनबाई मला आत घेऊन गेल्या नाहीत. स्वतः जाऊन बघून आल्या. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत्या, ते बाक किती लांब आहे हे मी सांगू शकतो, त्याला अकरा पट्ट्या आहेत. त्या आल्या आणि म्हणाल्या, "फोड नाहीत. लाली उतरतेय. डोळ्यात गेला नाही, हे तुमचं नशीब नाही, त्याचं आहे." मग विचारले, "चाखला कोणी होता?"

मी म्हणालो, "मी."

"तुमचे वडील तर म्हणाले, त्यांनी."

मी बाकावरून उठलो. त्या म्हणाल्या, "मागणी रद्द. पण वडिलांना पाठवा. मला दोन माणसांची दोन उत्तरं चालत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दूध काढत होते तेव्हा मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. म्हणालो, दुसऱ्या घाण्यात खोबरेल नव्हते, सूर्यफुलाचे होते. एका बाळाची पाठ लाल झाली आहे. आणि आत्याने मला सगळे सांगितले आहे. त्यांची धार थांबली नाही. भांडे भरले, तेव्हा बाजूला ठेवले.

"वहीत तर खोबरेल लिहिलंयस," ते म्हणाले.

हे मी तुलाही सांगितले नव्हते. प्रत्येक घाण्याची मापे मी ज्या वहीत लिहितो, तिच्यात मी खोटे लिहिले होते. आयुष्यात पहिल्यांदा.

"तुम्ही वही बघितलीत?"

"दर वेळी बघतो. जीभ लावायच्या आधी."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? जिभेला काय कळतंय? निखारा ठेवला तरी कळायचं नाही." मग शेळीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुझे आकडे बघायचो. बरोबर असले की म्हणायचो निवला. म्हटलं, माझी जीभ गेली तर गेली, पोराचं माप कधी चुकत नाही."

आणि मी माप चुकवताना म्हणत होतो, बाबांची जीभ आहे ना.

मग ते उठले, शर्ट बदलला आणि एकटे प्रसूतिगृहात गेले. मला बरोबर येऊ दिले नाही. तासाभराने आले. म्हणाले, "सांगितलं. आयाबाईंपुढे, वॉचमनपुढे, सगळ्यांपुढे." तिथल्याच डॉक्टरांनी त्यांना जबरदस्तीने बसवून तपासले. मेंदूला लहानसा झटका येऊन गेला आहे. पुन्हा येऊ शकतो, आणि तो लहान असेलच असे नाही. गोळ्या सुरू केल्या आहेत. त्या मी मोजून देतो. ते म्हणतात, "मोज, मोज. पण वहीत खरं लिही."

दुसऱ्या घाण्याच्या उरलेल्या सगळ्या वड्या मी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून शेळ्यांची तोंडे पोचणार नाहीत अशा ठिकाणी ठेवल्या आहेत.

बाळाला २ तारखेलाच घरी नेले. लाली गेली आहे असे मेट्रनबाई म्हणाल्या. म्हणजे आता सगळे मिटले असे म्हणता येईल का?

तुझा भाचा


१० मार्च

बाळा,

नाही म्हणता येणार.

त्या बाळाच्या आईला सांगितलंस का? मेट्रनला सांगणं म्हणजे आईला सांगणं नव्हे. तुझ्या पत्रात सगळ्यांचं आलं, वॉचमनचं आलं, बाकाच्या पट्ट्यांचं आलं, तिचं एका अक्षरानं नाही. ती घरी बसून काय समजत असेल याचा विचार कर. मूल लाल झालं की घरात पहिलं बोट कोणाकडे जातं, हे मला विचार. मी तीन वाढवलीत.

आणि काकूंच्या दारावरून जा. मागच्या गल्लीनं नाही.

तुझ्या बापाला सांग, अक्कानं शब्द मोडला त्याची माफी मागणार नाही. उशिरा मोडला त्याची मागते.

आत्या


१७ मार्च

ती. आत्या,

काकूंकडे गेलो. सगळे सांगितले. त्या पुष्कळ बोलल्या, ते सगळे इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाल्या, काजे तू करून दे. मी तीन दिवस त्यांच्या दारात बसून काजे करतो आहे. माझे टाके बारीक येतात.

बाळाच्या आईचा पत्ता मेट्रनबाईंनी आधी दिला नाही. त्यांनी तिला विचारले, कशासाठी ते तुम्हीच सांगा म्हणाल्या, मग दिला. काल सकाळी गेलो. मी एकटा जाणार होतो. बाबा चपला घालून दारात उभे होते. मी म्हणालो, डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितले आहे. म्हणाले, "तू मोज पायऱ्या, मी चढतो." सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दुसरा मजला, एकतीस पायऱ्या. दर दहा पायऱ्यांना मी त्यांना थांबवले.

दार तिच्या आईने उघडले. आम्ही साबणवाले, असे सांगितले तेव्हा त्यांना वाटले, काही विकायला आलो आहोत. "नको, नको, घरात मूल आजारी होतं," असे म्हणून दार लावायला लागल्या. बाबा म्हणाले, "त्याचंच सांगायला आलोय."

ती आत पलंगावर बसली होती. माझ्याच वयाची असेल. मूल मांडीवर पालथे. मी पाठ केलेले सगळे विसरलो. म्हणालो, "घामोळं नव्हतं. आमच्या साबणात सोडा जास्त होता. माझ्या हातून."

"आणि मी तो चाखून पास केला," बाबा म्हणाले. "मला चव लागत नाही, तरी केला."

तिने आमच्याकडे बघितले नाही. तिने तिच्या आईकडे बघितले. म्हातारीने पदर नीट केला, भिंतीकडे तोंड केले.

"ऐकलंस?" बाळाची आई म्हणाली. "पंधरा दिवस माझ्यामागे लागलीस. काय खाल्लंस, काय खाल्लंस. तुझ्या दुधातूनच गेलं म्हणालीस. चार दिवस मला नुसती पेज दिलीस."

"मला काय स्वप्न पडलं होतं?" म्हातारी भिंतीलाच म्हणाली.

मग बाळाची आई माझ्याकडे वळली. मला वाटले होते, ओरडेल. हळू बोलली, ते जास्त कठीण गेले. "मी याला चार दिवस जवळ घेतलं नाही. बाटलीनं पाजलं. वाटलं, माझ्याच अंगाचं काहीतरी याला लागतंय."

मी खाली बघत होतो. बाबांचा श्वास मला ऐकू येत होता. जिन्यामुळे की कशामुळे, माहीत नाही. मी त्यांच्या हाताला धरले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि पलंगाच्या जवळ गेले. "पोरी, बघू का?" असे विचारले. तिने आधी बाळाच्या डोक्यावर हात ठेवला. मग बाळाचे झबले वर केले. पाठ स्वच्छ होती. खांद्याजवळ रुपयाएवढी कातडी अजून सुटत होती, नव्या बटाट्याची सुटते तशी. बाबांनी हात लावला नाही. दोन्ही हात पाठीमागे धरून, वाकून, बघत राहिले.

"डाग राहील?" तिने विचारले.

"प्रसूतिगृहातल्या डॉक्टरबाई म्हणतात, राहणार नाही. मला विचारू नकोस, माझ्या शब्दाला आता किंमत नाही."

तिने झबले खाली ओढले. बाळाने तोंड वेडेवाकडे केले, ते रडले मात्र नाही. बाहेर खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होते.

"मग आता याला आंघोळ कशानं घालू?" ती म्हणाली.

"पाण्यानं," बाबा म्हणाले. "नुसत्या कोमट पाण्यानं. सहा महिने काही लावू नकोस."

"आणि तुम्ही साबणवाले."

"म्हणूनच सांगतोय."

ती उठली आणि बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली. बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. म्हातारी भिंतीकडे तोंड करून तशीच होती. आम्ही चपला घातल्या. बाळ झोपले असेल म्हणून दार आवाज न करता ओढून घेतले, आणि बाबांना एकेक पायरी खाली आणले.

तुझा भाचा